ल्हासाला गुपचूप नकाशा काढायला जायचंय? मग सामानात हे घ्या

समजा साल 1865 आहे, तिबेटमध्ये परक्याला बंदी आहे, आणि तुम्हाला काठमांडूकडून ल्हासापर्यंत अख्खा रस्ता मोजत जायचंय. नैनसिंग रावत हे खरंच करून आले, कुमाऊंमधल्या मिलम गावचे मास्तर, सर्व्हे ऑफ इंडियाच्या कॅप्टन माँटगोमरीने देहरादूनला ट्रेनिंग देऊन पाठवलेले. ही यादी त्यांच्याच सामानावरून. नियम एकच, झडती झाली तर जे दिसेल ते यात्रेकरूचंच वाटलं पाहिजे, आणि जे तसं वाटणार नाही ते दिसताच कामा नये.

सगळ्यात आधी पाय तयार करा. चढ असो, उतार असो, पाऊल सारख्याच लांबीचं पडलं पाहिजे, 2000 पावलांना एक मैल, आणि हे अंगवळणी पडेपर्यंत निघायचंच नाही कारण बाकी सगळा नकाशा यावर उभा आहे. मग जपमाळ, पण नेहमीची 108 मण्यांची नको, 100 मण्यांची मुद्दाम करून घ्या, मणी कोण मोजत बसतंय? दर 100 पावलांना एक मणी सरकवायचा, म्हणजे माळेची एक फेरी झाली की 10,000 पावलं, पाच मैल. हातात प्रार्थनाचक्र हवंच, आत मंत्राच्या गुंडाळीऐवजी कोऱ्या कागदाच्या पट्ट्या भरायच्या, नोंदी त्यावर. कोणी जवळ येताना दिसलं की चक्र फिरवायला लागायचं, जपात असलेल्या माणसाला सहसा कोणी डिस्टर्ब करत नाही.

सेक्स्टंट, म्हणजे तारा क्षितिजापासून किती उंचावर आहे तो कोन मोजायचं यंत्र, पेटीच्या चोरकप्प्यात. पण नुसता सेक्स्टंट नेऊन उपयोग नाही, समुद्रावर क्षितिज सरळ दिसतं, इथे चारी बाजूंनी डोंगर, ताऱ्याची उंची मोजायची कशावरून? त्यासाठी पारा घ्या. कवड्यांमध्ये भरून तोंड मेणाने बंद करायचं, रात्री सगळे झोपले की लाकडी वाटीत ओतायचा, वारा नसेल तर पाऱ्याचा पृष्ठभाग अगदी सपाट राहतो. मग वरचा तारा आणि पाऱ्यातलं त्याचं प्रतिबिंब यांच्यातला कोन मोजा, त्याचा निम्मा केला की ताऱ्याची उंची, आणि त्यावरून अक्षांश. मला तर या सगळ्या यादीत ही वाटीच सगळ्यात भारी वाटते, तिच्यावर संशय घेणार तरी कोण!

थर्मामीटर पोकळ काठीत लपवा. उंचावर पाणी कमी तापमानाला उकळतं (साधारण 300 मीटर वर गेलं की एक डिग्री सेल्सिअस कमी), त्यामुळे चहाला आधण ठेवलं की थर्मामीटर बुडवून घ्यायचा, जागेची उंची समजते. होकायंत्र आणि घड्याळ पण लागेलच, ते वेगळं सांगायला नको.

आणि पैसे, जरा जास्तच घ्या. ल्हासाला पोचेपर्यंत जानेवारी 1866 उजाडला, मुक्काम लांबला आणि नैनसिंगांचे पैसे संपले, तेव्हा तिथल्या नेपाळी व्यापाऱ्यांना हिशेब शिकवून त्यांनी दिवस काढले. तेव्हा असं एखादं पोटापाण्याचं कामही येत असू द्या, त्याला पेटीत जागा लागत नाही आणि झडतीतही सापडत नाही.