अपडेटनंतर ड्युअल बूट बिघडलं? फॉरमॅट मारण्याआधी हे करून बघा

विंडोज आणि उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) एकाच लॅपटॉपवर गुण्यागोविंदाने नांदत असतात; यालाच ड्युअल बूट म्हणतात. रात्री अपडेट होतं आणि सकाळी दोघांपैकी एक गायब! अशा वेळी पहिला सल्ला मिळतो तो ‘फॉरमॅट मारून टाक’ असा. मारू नका. भुसावळ जंक्शनला सांधा चुकला तर नागपूरची गाडी इटारसीच्या रुळाला लागेल, पण गाडी शाबूतच असते. इथेही बहुतेक वेळा फक्त सांधा बदललेला असतो, डेटा जागेवरच असतो.

बायोसला, म्हणजे लॅपटॉपच्या मूळ सेटिंग्जना, हात लावण्याआधी एक काम करा. विंडोजमध्ये बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी सोय, चालू असेल (होम आवृत्तीत तेच ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ नावाने असतं), तर ४८ अंकी रिकव्हरी की मोबाइलवरून मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन कागदावर उतरवून घ्या. सिक्युअर बूट (फक्त खात्रीचेच प्रोग्रॅम सुरू होऊ देणारी बायोसमधली सोय) बंद केलं की विंडोज ती मागू शकतं, आणि की नसेल तर डेटा खरोखरच अडकू शकतो.

आता एकेक तक्रार घेऊ. ग्रबचा, म्हणजे ‘विंडोज की उबुंटू?’ असं विचारणाऱ्या प्रोग्रॅमचा, मेनू न येता थेट विंडोज सुरू होतं. अपडेटने विंडोजला रांगेत पुढे बसवलंय. लॅपटॉप सुरू करताच बूट मेनूची कळ दाबत राहा: एचपीला एफ९, डेल व लेनोवोला बहुधा एफ१२, आसुस लॅपटॉपला एस्केप. एसरचीही एफ१२च, पण ती अनेकदा आधी बायोसमध्ये चालू करावी लागते. यादीतून ‘उबुंटू’ निवडा. ते उघडलं, तर बायोसच्या बूट क्रमात त्याला ‘विंडोज बूट मॅनेजर’च्या वर आणा. पाच मिनिटांचं काम.

यादीत उबुंटूच नसेल, तर किमान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह घेऊन दुसऱ्या संगणकावर उबुंटूचा लाइव्ह यूएसबी (इन्स्टॉल न करता थेट पेन ड्राइव्हवरून चालणारं उबुंटू) बनवा. त्यावरून सुरू करताना ‘यूईएफआय’ लिहिलेलीच नोंद निवडा. जुन्या लेगसी पद्धतीने सुरू केलात तर ग्रब चुकीच्या प्रकारचं बसतं आणि केलेली मेहनत वाया जाते. नेट जोडा, बूट-रिपेअर हे ग्रब दुरुस्त करणारं अॅप इन्स्टॉल करा आणि त्यातली ‘शिफारस केलेली दुरुस्ती’ चालवा.

‘एसबॅट’, ‘सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन’ असं काही दिसून लॅपटॉप बंद पडतो. ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटने जुन्या, असुरक्षित बूटलोडरना (सिस्टिम सुरू करून देणाऱ्या ग्रबसारख्या प्रोग्रॅमना) मज्जाव केला. ड्युअल बूटवाल्यांना तो लागू होणार नव्हता, पण झाला. मे २०२५ च्या अपडेटमध्ये मायक्रोसॉफ्टने हा घोळ निस्तरला. तरीही अडकलात तर क्रम असा: बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद करा, लिनक्स उघडा, सगळे अपडेट घ्या. मग टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत) ‘sudo mokutil --set-sbat-policy delete’ ही आज्ञा द्या. रीस्टार्ट करून सिक्युअर बूट बंद असतानाच पुन्हा एकदा लिनक्समध्येच जा. घाई होते ती नेमकी इथे. ही फेरी चुकवली तर बदल लागू होत नाही. त्यानंतरच सिक्युअर बूट चालू करा.

ग्रब दिसतं, पण लिनक्स ‘कर्नल पॅनिक’ म्हणून थांबतं. अपडेट चालू असताना लाईट गेली असेल आणि बॅटरीत दम नसेल, तर नवा कर्नल (लिनक्सचा गाभा) अर्धवट बसतो. ग्रबच्या ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून जुना कर्नल निवडून आत शिरा. आधी टर्मिनलमध्ये ‘df -h’ ने बूट विभाजनात जागा आहे का पाहा. भरलं असेल तर ‘sudo apt autoremove’ ने जुने कर्नल काढा. मग ‘sudo dpkg --configure -a’, नंतर ‘sudo update-initramfs -u -k all’ आणि शेवटी ‘sudo update-grub’. आता मात्र चार्जर लावूनच बसा.

ग्रबमधून विंडोज गायब. ग्रब २.०६ पासून दुसऱ्या सिस्टिमचा शोध मूळातच बंद असतो. ‘etc’मधल्या ‘default’ फोल्डरातली ‘grub’ फाइल sudo वापरून उघडा, ‘GRUB_DISABLE_OS_PROBER=false’ ही ओळ घाला (‘फॉल्स’ सोडून सगळी कॅपिटल अक्षरं), फाइल सेव्ह करा आणि ‘sudo update-grub’ चालवा. विंडोजची ड्राइव्ह लिनक्समध्ये उघडते पण फाइल सेव्ह होत नाही, अशी तक्रार असेल तर विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समधलं ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा. ते चालू असताना विंडोज पूर्ण बंद होतच नाही, डुलकी घेत पडून असतं.