मान टाकलेली कोंबडी: आधी ऊब, मग पाणी, दाणा सगळ्यात शेवटी

परसातली कोंबडी आजारी पडली की शेजारपाजारी दोन सल्ले तयारच असतात. एक, मरायच्या आत कापून टाक. दुसरा, लसणाची पाकळी चार. हल्ली मोबाइलवर तिसराही येतो. त्यात हळद, मध, कांद्याचा रस आणि माणसाच्या औषधाची अर्धी गोळी असं सगळं एकदमच असतं. हे तिन्ही सल्ले बाजूला ठेवा.

कोंबडी दुखणं लपवते. कळपात दुबळी दिसली तर बाकीच्या तिला टोचून हैराण करतात, म्हणून ती अंगात बळ असेपर्यंत दाण्यावर आल्याचं नाटक करते. पिसं फुलवून, डोळे मिटून कोपऱ्यात उभी दिसते तेव्हा तिचं दुखणं बहुतेक वेळा बरंच जुनं झालेलं असतं. आतून ती गारठलेली, सुकलेली आणि उपाशी असते. मूळ रोगाच्या आधी या तीन गोष्टीच तिला मारतात, आणि या तिन्ही आपल्या हातात आहेत. (खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेली, कोंबडीही पिसं फुलवून बसते, पण हात घातला की गुरगुरते आणि चोच मारते. आजारी कोंबडी हात घातला तरी गप्प असते.)

हात लावायच्या आधी एक बघा. एकाच वेळी दोन-चार कोंबड्या पटापट मेल्या असतील, तुरे जांभळे-काळे पडले असतील, डोकं सुजलं असेल तर घरगुती उपचाराचा विचारसुद्धा करू नका. 2006 साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला. तेव्हापासून असली मरतूक कळवणं हे आपलं काम आहे. मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने शिवू नका, उकिरड्यावर टाकू नका. जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगा किंवा जनावरांच्या उपचारासाठीच्या 1962 या सरकारी नंबरवर फोन लावा.

एकटीच आजारी असेल तर पुढे चला.

तिला वेगळी काढा. कळपापासून लांब, वाऱ्याच्या झोताबाहेर. खोका किंवा डालगं, खाली भाताचं तूस किंवा जुनं सुती कापड. वर्तमानपत्राचा गुळगुळीत कागद नको, अशक्त पाय त्यावर फाकतात.

ऊब. कोंबडीच्या अंगाचं तापमान 41 अंशांच्या आसपास असतं, म्हणून आपल्याला बरी वाटणारी हवा आजारी कोंबडीला गार असते. खोक्याच्या एका बाजूला 40 वॅटचा जुना पिवळा बल्ब हात-दीड हात अंतरावर टांगा आणि दुसरी बाजू मोकळी ठेवा, म्हणजे नको झालं की ती सरकू शकेल. आत 28 ते 30 अंश पुरे. बल्बवर गोणपाट टाकू नका, त्याने आग लागते. चोच उघडी टाकून धापा टाकायला लागली तर ऊब जास्त झाली. याला एकच अपवाद आहे, तो वैशाखातल्या उन्हाचा. पंख पसरून धापणारी, अंगाला चटका लागेल इतकी तापलेली कोंबडी उष्माघाताची असते. तिला सावलीत घ्या, पाय साध्या पाण्यात ठेवा, तुरा ओला करा. बर्फ नको.

ती उबेत स्थिरावेपर्यंत तासभर काही पाजू नका, काही चारू नका. गारठलेल्या कोंबडीची आतडी चालत नाहीत. तेव्हा पोटात कोंबलेलं सगळं गळ्याखालच्या अन्नाच्या पिशवीत पडून आंबतं. "बिचारी उपाशी आहे" म्हणून आल्या आल्या भात भरवणाऱ्यांच्या हातून कोंबड्या जातात त्या अशा.

आता पाणी. लेखातला खरा अवघड भाग हाच. माझा हात यात बसायला फार वेळ लागला, आणि इतरांना शिकवताना मी अजूनही याच जागी ओरडतो.

कोंबडीची चोच उघडून आत बघा. जिभेच्या मुळाशी एक फट दिसेल, श्वासाबरोबर उघडझाप करणारी. ती श्वासनळी. आपल्यासारखं तिच्यावर झाकण नसतं. धडधाकट कोंबडी गिळताना ती फट मिटून घेते, अशक्त कोंबडीला ते वेळेवर जमत नाही. चोच उघडून, मान वर ताणून, चमच्याने पाणी ओतलं की ते सरळ फुप्फुसात जातं. कोंबडी तिथल्या तिथे तडफडते, नाहीतर दोन दिवसांनी घरघर लागून मरते आणि आपण म्हणतो, रोगाने नेली. तेल पाजणं तर त्याहून वाईट. गेलेलं तेल फुप्फुसातून निघत नाही.

म्हणून असं करा. तिला टॉवेलमध्ये पंखांसकट गुंडाळा, पण छाती आवळू नका. कोंबडीला आपल्यासारखं श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोटामधला श्वासाचा पडदा, नसतं; छातीचं हाड वर-खाली झालं तरच तिला श्वास मिळतो. घट्ट धरलेली कोंबडी शांत झाली असं वाटतं तेव्हा ती गुदमरत असते. उताणी कधीच धरू नका. मांडीवर सरळ बसवा, तिचं तोंड आणि तुमचं तोंड एकाच दिशेला.

पहिला प्रयत्न चोच न उघडता. सुई काढलेली 2 मिलीची सिरिंज घ्या आणि चोचीच्या कडेवर, जिथे वरची-खालची चोच मिळते तिथे, एक थेंब लटकवा. थेंब फटीतून आत शिरतो, ती चोच चपचप करते, मान किंचित उचलते आणि गिळते. ते गिळणं डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पुढचा थेंब देऊ नका. असे पाच-सहा थेंब गेले की बहुतेक कोंबड्या स्वतःहून चोच हलवायला लागतात. मग वाटीत फक्त चोचीचं टोक बुडवून बघा. नाकपुड्या पाण्यात जाता कामा नयेत.

हे कंटाळवाणं आहे. एका वेळचे 10 मिली जायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. दीड किलोच्या कोंबडीला दिवसभरात किमान 75 मिली पाणी पोटात जायला हवं, म्हणजे दर दोन तासांनी बसावं लागतं. ज्याला घाई आहे त्याने हे काम घरातल्या दुसऱ्या कुणाला द्यावं. आमच्याकडे म्हाताऱ्या माणसांना ते सगळ्यात चांगलं जमतं.

चोच उघडावीच लागली तर सिरिंज तिच्या डाव्या कोपऱ्यातून घाला आणि टोक जिभेवरून उजवीकडे, घशाच्या मागच्या बाजूला न्या. अन्ननळी मानेच्या उजव्या अंगाने जाते. एका वेळी अर्धा मिली, जास्त नाही. डोकं जमिनीला समांतर, वर ताणलेलं नाही. गुरगुर आवाज आला, नाकातून पाणी आलं किंवा तिने डोकं झटकलं तर त्या क्षणी सोडा आणि डोकं खाली झुकू द्या. पाठीवर थापा मारायच्या नाहीत.

अजिबात गिळतच नसेल तर नळीने थेट पिशवीत द्रव सोडता येतो. व्हिडिओ बघून हे करू नका. पशुवैद्यकाकडून एकदा स्वतःच्या हाताने करून शिका. नळी आत गेल्यावर मान चाचपली की दोन नळ्या बोटांना लागायला हव्यात. एक कडीकडीची श्वासनळी, दुसरी आपण घातलेली. एकच लागली तर बाहेर काढा.

पाण्यात साधं ओआरएस, पाकिटावर लिहिलेल्या मापानेच. दाट केलं तर उलटा परिणाम होतो. उरलेलं दुसऱ्या दिवशी टाकून द्या.

दोन-तीन वेळा पाणी पचलं, शीट पडली, डोळे उघडे राहिले, तर खाणं. नाचणीची पातळ पेज किंवा भिजवून गाळलेलं अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य. नंतर उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करून. मक्याचा सबंध दाणा आठवडाभर नको. प्रत्येक वेळी आधी मानेच्या मुळाशी, किंचित उजवीकडे, पिशवी चाचपा. आधीचं तिथेच असेल तर पुढचं द्यायचं नाही. निरोगी कोंबडीची पिशवी पहाटे रिकामी असते. पहाटे ती दगडासारखी लागली तर चारा अडकलाय, लिबलिबीत आणि तोंडाला आंबट वास असेल तर आंबलंय. अशा वेळी कोंबडीला उलटी धरून ओकवण्याचा एक प्रकार लोक हौसेने करतात. तो करू नका, ओकलेलं श्वासनळीत जातं. डॉक्टरांकडे न्या.

ती स्थिर झाली की मग कारण शोधा. तुरा पांढुरका पडलाय? पंखांखाली, गुदद्वाराभोवती उवा-गोचीड बघा, आणि खुराड्याच्या फटी रात्री बॅटरीने तपासा, कारण रक्त पिणारे काही कीटक दिवसा तिथे लपतात. बदकासारखी उभी राहून कण्हतेय, शेपटी खाली पंपासारखी हलवतेय? अंडं अडकलं असेल. कोमट पाण्यात पोटापर्यंत वीस मिनिटं बसवा. आतलं अंडं फोडू नका. तुऱ्यावर, डोळ्यांभोवती खपल्या असतील तर देवी. त्या खरवडू नका.

हिरवट-पांढरी हगवण, लुळा पंख, वळलेली मान म्हणजे मानमोडी, म्हणजेच राणीखेत. विषाणूचा रोग असल्याने त्यावर औषध नाही, वर सांगितलेली सेवा एवढंच करता येतं. वाचलेल्या काहींची मान वाकडी राहते, त्यांना खोलगट भांड्यात खाणं दिलं की जगतात. उरलेल्या कोंबड्या घाईने आठवडी बाजारात नेऊन विकणं हा मला सगळ्यात संताप आणणारा प्रकार. रोग गावोगाव पोचतो तो त्या टोपल्यांतून. राणीखेतची लस सरकारी दवाखान्यात मिळते. पिलाच्या पहिल्या आठवड्यात लासोटा नावाच्या लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी नावाची लस टोचून. रोग आल्यावर लस शोधणाऱ्यांना मी काही बोलत नाही, कारण बोललो तर भांडण होतं.

प्रतिजैविक डॉक्टरांनी दिलं तरच, सांगितले तितके दिवस. घरात उरलेल्या गोळ्यांचा चुरा नाही. "कोंबडी ती केवढी, तिला कसला डॉक्टर" असं म्हणणारे भेटतील, तरी दवाखान्यात न्या. ताजी शीट कागदाच्या पुडीत नाही, स्वच्छ बाटलीत न्या.

दोन-तीन दिवस ऊब आणि पाणी देऊनही उभी राहत नसेल, गिळत नसेल, श्वास ओढत असेल, तर थांबा. तिला झटकन, वेदना न होता सोडवण्याचं काम डॉक्टरांना किंवा सराईत हाताला सांगा. ती कोंबडी रश्शात जाता कामा नये, कुत्र्यालाही नको. हातभर खोल खड्डा, वर चुना, मग माती.

बरी झाली तर लगेच कळपात सोडू नका. दोन आठवडे वेगळी ठेवा, मग अंधार पडल्यावर बाकीच्या बसल्या असताना त्यांच्याशेजारी ठेवा. सकाळी टोचाटोची कमी होते. औषध चालू असताना आणि डॉक्टर सांगतील तितके दिवस तिची अंडी खायची नाहीत, शेजाऱ्याला द्यायचीही नाहीत.