लॅपटॉपचं नवं मॉडेल: आज काय घ्यायचं, मागाहून काय बसवायचं

सांगलीत विश्रामबागेत माझं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे, सतरा वर्षं झाली. मी नवे लॅपटॉप विकत नाही, फक्त उघडते, दुरुस्त करते, वाढवते. म्हणूनच बहुधा लोक खरेदीच्या आधी माझ्याकडे येतात. जून-जुलैत प्रवेश सुरू झाले की रांगच लागते. त्या सगळ्यांना जे तोंडी सांगते, ते एकदा नीट लिहून काढायचं मनात होतं.

सुरुवात एका बापलेकीपासून करते. २०२३ च्या जुलैत तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार मुलीला घेऊन आले होते. तिला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला होता. मोबाइलमध्ये दोन लॅपटॉपचे फोटो. नाव एकच, रंग एकच. दोन्हीवर एएमडी कंपनीचा 'रायझन ५' प्रोसेसर, दोन्हीत ८ जीबी रॅम (चालू कामाची मेमरी) आणि ५१२ जीबी एसएसडी (फाइली साठवणारी ड्राइव्ह). किमतीत चार हजारांचा फरक.

"ताई, सगळं सारखंच दिसतंय की. मग हे चार हजार कशाचे घेत्यात?"

फरक होता प्रोसेसरच्या नंबरात. एकात ७५२०यू, दुसऱ्यात ७५३०यू. एएमडीच्या त्या वर्षीच्या नंबरांत पहिला आकडा वर्ष सांगायचा आणि तिसरा आकडा आतली रचना कोणत्या पिढीची ते सांगायचा. ७५२० मधला २ म्हणजे झेन २, म्हणजे मुळात २०१९ सालची रचना, चार कोअरची (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला काम करणारा एकेक भाग). ७५३० मधला ३ म्हणजे झेन ३, सहा कोअर. पण मला त्याहून महत्त्वाची वाटली ती रॅम. ७५२०यू फक्त एलपीडीडीआर५ रॅम घेतो आणि ती थेट मदरबोर्डावर (आतल्या मुख्य पाटीवर) सोल्डर केलेली, म्हणजे डाख देऊन कायमची जोडलेली असते. ८ जीबी घेतली की लॅपटॉप मोडीत जाईपर्यंत ८ जीबीच. दुसऱ्यात ८ जीबी बोर्डावर होती आणि शेजारी एक स्लॉट रिकामा होता.

मी म्हटलं, "दादा, दोन कोअर जास्त मिळतात ते आहेच. पण खरे पैसे त्या रिकाम्या स्लॉटचे समजा." त्यांना ते लगेच पटलं. बाग लावताना मांडवाचे खांब आधीच मजबूत घालावे लागतात, वेल वर चढल्यावर खांब बदलता येत नाहीत, हे त्यांना मी काय सांगणार!

माझा सगळा सल्ला याच एका गोष्टीवर उभा आहे. जे बोर्डावर सोल्डर केलेलं आहे त्यात पैसे आज घाला. जे स्क्रू काढून बदलता येतं, ते आज कमी घेतलं तरी चालतं.

'नवं' म्हणजे नक्की काय बदललं

कंपन्या दरवर्षी त्याच नावाची मालिका ताजी करून आणतात. बाहेरचं अंग बहुतेक तेच असतं, आतलं थोडं बदलतं. कधी बदल मोठा असतो, कधी फक्त नाव नवं असतं. त्यामुळे खोक्यावरचं मोठ्या अक्षरातलं नाव वाचून निर्णय घेऊ नका. खाली बारीक अक्षरांत मॉडेलचा पूर्ण क्रमांक असतो, त्याचा फोटो काढा आणि कंपनीच्या साइटवर तो जसाच्या तसा टाकून माहिती काढा. एकाच नावाखाली आतून वेगवेगळी असलेली चार-पाच मॉडेलं विकली जातात.

प्रोसेसरचं उदाहरण घ्या. इंटेलने २०२३ च्या अखेरीस 'आय ५, आय ७' मधला 'आय' काढून टाकला. २०२४ च्या सुरुवातीला 'कोअर ७ १५०यू' आला. नाव अगदी कोरं. आत मात्र दहा कोअर आणि तीच रॅप्टर लेक घराण्याची रचना, जी १३व्या पिढीच्या 'आय ७ १३५५यू' मध्ये होती. वेग थोडा वाढवलेला. तो वाईट प्रोसेसर नाही, ऑफिसच्या कामाला उत्तम आहे. पण १३व्या पिढीचा लॅपटॉप घरात असेल तर फक्त हे नाव नवं आहे म्हणून बदलायचं कारण नाही. एएमडीचंही तसंच. २०२५ मधला 'रायझन ७ २५०' हा आधीच्या ८०४० मालिकेतल्या झेन ४ चाच नव्या नावाचा अवतार आहे. जुनं मॉडेल सवलतीत मिळत असेल तर दोघांची तुलना नक्की करा.

'एआय लॅपटॉप' या शब्दाबद्दल फार विचारणा होते. मायक्रोसॉफ्टच्या 'कोपायलट प्लस' शिक्क्यासाठी तीन अटी आहेत: एनपीयूचा (प्रोसेसरमधल्या एआयसाठीच्या भागाचा) वेग किमान ४० टॉप्स (सेकंदाला ४० लाख कोटी क्रिया), १६ जीबी रॅम, २५६ जीबी स्टोरेज. नुसतं 'एआय' लिहिलेलं असतं त्या सगळ्यांत ही ताकद नसते. ज्यांना टॅली, एक्सेल, ऑनलाइन वर्ग एवढंच करायचंय त्यांनी या शिक्क्यासाठी जादा पैसे देऊ नयेत, हे माझं स्पष्ट मत आहे. तेच पैसे रॅममध्ये घाला.

रॅम: इथे घाई करू नका

माहितीपत्रकात रॅमपुढे काय लिहिलंय ते बघा. 'एलपीडीडीआर' ही अक्षरं दिसली, तर जवळपास नक्कीच ती सोल्डर केलेली आहे. 'डीडीआर४' किंवा 'डीडीआर५' आणि त्यापुढे 'एसओडिम' (काढता-घालता येणारी पट्टी) असेल तर स्लॉट आहे. इंटेलच्या कोअर अल्ट्रा २००व्ही मालिकेत तर रॅम प्रोसेसरच्याच पॅकेजवर बसवलेली असते, १६ किंवा ३२ जीबी. तिथे कुणाचाच हात पोचत नाही, माझाही नाही.

दुकानात मशीन चालू करून ठेवलेलं असेल तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स, मग मेमरी. उजवीकडे खाली 'स्लॉट्स यूज्ड' आणि 'फॉर्म फॅक्टर' लिहिलेलं दिसेल. फॉर्म फॅक्टरपुढे 'रो ऑफ चिप्स' असेल तर रॅम सोल्डर केलेली आहे. मात्र स्लॉटच्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका, काही लॅपटॉप सोल्डर केलेल्या चिपांनाही स्लॉट म्हणून मोजतात. खात्री हवी तर कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल मिळतं, त्यात पाठ उघडल्यावरचा फोटो असतो. तो बघितल्याशिवाय मी कुणालाच होकार देत नाही.

किती घ्यायची? रॅम फक्त सोल्डर केलेली असेल तर १६ जीबीच्या खाली जाऊ नका. मुलं कॅड (कॉम्प्युटरवर यंत्रांचे आराखडे काढणं) किंवा व्हिडिओ एडिटिंग करणार असतील तर ३२. स्लॉट असेल तर आज ८ वर भागवता येतं. एक मात्र सांगते, २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव भलतेच चढले आहेत, कारण एआयच्या डेटा सेंटरकडे मेमरी चिपांचा मोठा वाटा जातोय. पूर्वी मी बिनधास्त म्हणायचे, मागाहून घ्या, स्वस्त पडेल. आता आधी दोन्हीकडचा भाव विचारा आणि मगच ठरवा.

स्टोरेज आणि २०१९ चा पूर

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट आहे, म्हणजे विचार करा. पाणी ओसरल्यावर गावभाग, मारुती चौक, खणभाग, सगळीकडून चिखलाने भरलेले लॅपटॉप माझ्याकडे यायला लागले. मशीन वाचणार नाही हे लोकांना माहीत होतं. त्यांना आतलं हवं होतं: हिशेब, लग्नाचे फोटो, पोराचा प्रोजेक्ट.

ज्यांची ड्राइव्ह निघणारी होती त्यातल्या बऱ्याच जणांचं काम झालं. काढली, धुतली, नीट वाळवली, दुसऱ्या मशीनला लावली. ज्या स्वस्त लॅपटॉपांत ईएमएमसी स्टोरेज बोर्डावरच सोल्डर केलेलं होतं, तिथे बोर्ड मेला की डेटाही गेला. एका आजींना त्यांच्या वारलेल्या मुलाचे फोटो मी देऊ शकले नाही. तेव्हापासून मी कुणालाही ईएमएमसीचा लॅपटॉप घ्या म्हणत नाही, कितीही स्वस्त असो.

तेव्हा माहितीपत्रकात 'एम डॉट टू एनव्हीएमई एसएसडी' असंच लिहिलेलं हवं. ती स्क्रू काढून निघते. तिच्या मापाचा आकडा २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद, ८० मिलिमीटर लांब. २२४२ असेल तर लांबी ४२. मागाहून मोठी घेताना हे माप बघूनच घ्या. दुसरा एसएसडी स्लॉट रिकामा असेल तर आज ५१२ जीबी पुरे. जनरेशन ३ ची (ही जोडणीची पिढी) चांगली एसएसडी सेकंदाला सुमारे ३,५०० एमबी वाचते, जनरेशन ४ ची ७,००० पर्यंत जाते, पण रोजच्या कामात हा फरक हाताला जाणवत नाही. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवरून एसएसडीवर येणं हा जाणवणारा बदल आहे. जुना लॅपटॉप असलेल्यांनी नवा घेण्याआधी तो करून बघावा. फक्त प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत आहे का ते बघा, इंटेलचा असेल तर साधारण ८व्या पिढीपासून पुढचा लागतो. कारण विंडोज १० ला मिळणारे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले.

स्क्रीन मागाहून बदलता येते, पण परवडत नाही. म्हणून ती आजच चांगली घ्या. २५० निट्स (उजेडाचं माप) आणि ४५ टक्के एनटीएससी (स्क्रीन किती रंग दाखवते त्याचं माप) लिहिलं असेल तर रंग फिके दिसणार. ३०० निट्स आणि १०० टक्के एसआरजीबी (हेही रंगांचंच माप) मिळत असेल तर थोडे पैसे जादा द्या, डोळ्यांना रोज फरक पडतो. बॅटरी बदलता येते, तिची काळजी नको. यूएसबी सी पोर्ट चार्जिंग आणि डिस्प्ले दोन्ही देतो का, एवढं विचारून घ्या.

मार्केट यार्डातल्या मंडळींसाठी एक वेगळी गोष्ट. हळदीच्या दुकानातले लॅपटॉप मी उघडते तेव्हा पंख्यावर पिवळा थर बसलेला असतो. मशीन तापतं, हळू होतं आणि मालक नवं घ्यायला निघतात. वर्षातून एकदा पंखा साफ करून घ्या, आणि नव्या मॉडेलची हवा खालून आत जात असेल तर ते गादीवर ठेवू नका.

रॅमची पट्टी बसवताना

तासगावची ती मुलगी आता शेवटच्या वर्षाला आहे. परवा तोच लॅपटॉप घेऊन आली. कॅडची मोठी असेंब्ली (अनेक भाग जोडलेला आराखडा) उघडली की अडकतोय म्हणाली. १६ जीबीची डीडीआर४ पट्टी घेतली, ८ आणि १६ मिळून २४. "ताई, मीच बसवू का?" म्हणाली. मी शेजारी बसले आणि तिच्याकडूनच करून घेतलं. तुम्हीही याच क्रमाने करा.

वॉरंटी शिल्लक असेल तर आधी अटी वाचा. बिटलॉकर (विंडोजचं ड्राइव्हला लागणारं कुलूप) चालू असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून काढून कागदावर लिहा. नवी ड्राइव्ह टाकण्याआधी किंवा बायोसला (मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमला) हात लावण्याआधी हे झालंच पाहिजे. मग लॅपटॉप पूर्ण बंद. स्लीप नाही, शटडाउन. चार्जर काढा.

एका कागदावर लॅपटॉपच्या पाठीचं चित्र काढा आणि निघणारा प्रत्येक स्क्रू त्याच जागी चिकटपट्टीने लावा. लांब स्क्रू आखूड जागी गेला तर वरच्या बाजूला फुगवटा येतो. एखादा स्क्रू रबरी पायाखाली लपलेला असतो. पाठ निघत नसेल तर जोर लावू नका, कुठेतरी स्क्रू राहिला आहे. कडेने प्लॅस्टिकची पातळ चकती फिरवा, स्क्रूड्रायव्हर खुपसू नका.

आत हात घालण्याआधी लोखंडी कपाटाला हात लावून अंगातली स्थिर वीज जाऊ द्या. तिला मी सिंथेटिक ओढणी बाजूला ठेवायला सांगितली. मग पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर सोडवायचं, प्लॅस्टिकला धरून, तारा ओढून नाही. त्यानंतर पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा.

पट्टीवरची खाच स्लॉटमधल्या उंचवट्याशी जुळवा. डीडीआर४ आणि डीडीआर५ च्या खाचा वेगळ्या जागी असतात, एकीच्या जागी दुसरी बसत नाही. तिरपी, साधारण ३० अंशांत, सोनेरी टोकं जवळपास दिसेनाशी होईपर्यंत आत सरकवा आणि खाली दाबा. दोन्ही बाजूंच्या क्लिपांचा टक् आवाज आला पाहिजे. तिच्या एका बाजूचाच आला होता, म्हणून पुन्हा काढून बसवायला लावली.

बॅटरी जोडा, पाठ लावा, चार्जर लावून चालू करा. डीडीआर५ असेल तर पहिल्यांदा स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते, मशीन नव्या रॅमची ओळख करून घेत असतं. घाबरून बटण दाबू नका, थांबा. तिचा लॅपटॉप लगेच सुरू झाला, टास्क मॅनेजरमध्ये २४ दिसले आणि तिने तिथूनच वडिलांना फोन लावला.

एसएसडी बदलणार असाल तर जुनीवरचं सगळं आधी दुसरीकडे उतरवा, आणि दुसऱ्या स्लॉटसाठी लागणारा बारीक स्क्रू खोक्यात आहे का ते दुकानातच बघा, तो बऱ्याचदा नसतो. नवी बसवल्यावर जुनी लगेच पुसू नका. महिनाभर तशीच जपून ठेवा. एखादी राहून गेलेली फाइल आठवायला साधारण तेवढा वेळ लागतो.