गुलाबी शिबिराला हॉल देण्याआधी

गौरी-गणपती आटोपले की कोकणातल्या ग्रामसंघांच्या आणि महिला मंडळांच्या अध्यक्षांना फोन सुरू होतात. ‘ऑक्टोबर म्हणजे स्तनाच्या कॅन्सरच्या जागृतीचा महिना. शिबिर मोफत, बॅनर आमचा, तुम्ही फक्त हॉल आणि दोनशे बायका द्या.’ पलीकडे खासगी हॉस्पिटल असतं, लॅब असते, नाहीतर साबण-पॅड विकणारी कंपनी. लगेच नकार देऊ नका आणि होकारही देऊ नका. चार दिवस मागून घ्या आणि सगळं लेटरहेडवर, सही-शिक्क्यानिशी मागा.

आधी तारीख. जागृतीसाठी ऑक्टोबर हा महिना १९८५ मध्ये अमेरिकेत ठरला. ठरवणाऱ्यांत अमेरिकन कॅन्सर सोसायटीबरोबर आयसीआय कंपनीचा औषध विभाग होता, आणि स्तनाच्या कॅन्सरवरचं टॅमॉक्सिफेन हे औषध त्याच कंपनीचं. आपल्याकडे त्या दिवसांत भातकापणी असते. जिची तपासणी व्हायला हवी ती शेतात असते. जानेवारीचा दुसरा पंधरवडा ते शिमग्याच्या आधीचे दिवस मागा. बंदरावरच्या वाडीत १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात जमतं. तारीख हलवायला ठाम नकार आला, तर समोरच्याला बायका नकोत, महिना हवा आहे.

मग विचारा, तपासणी म्हणजे नेमकं काय करणार? प्रशिक्षित हाताने एक स्तन नीट तपासायला साधारण तीन मिनिटं लागतात. दोन्ही बाजू, काखा, कपडे आवरणं आणि नोंद धरून एका बाईला दहा मिनिटं. म्हणजे एक परिचारिका तासाला सहा जणी तपासते. तिघी परिचारिका, चार तास: ७२ बायका. दोनशेचा आकडा सांगणाऱ्याला हा हिशेब दाखवा. एकतर परिचारिका वाढतील, नाहीतर तपासणीच्या नावाखाली भाषण आणि गुलाबी फीत (या जागृतीची खूण) मिळणार हे उघड होईल. हाताच्या तपासणीला कमी लेखू नका. टाटा मेमोरियलने मुंबईत दीड लाखांवर बायकांचा वीस वर्षं अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केलेल्या तपासणीने पन्नाशीपुढच्या बायकांमधले या कॅन्सरचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले, असं २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. शासकीय कार्यक्रमातही तिशीनंतर दर पाच वर्षांनी हीच तपासणी उपकेंद्रात फुकट आहे. तेव्हा ‘मोफत’ या शब्दाने भारावून जायचं कारण नाही.

यंत्रांची नावं आली की कान टवकारा. उष्णता मोजणारं थर्मल यंत्र मॅमोग्राफीची, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेची, जागा घेत नाही. ‘सीए १५-३’ ही रक्ततपासणी निरोगी बाईत कॅन्सर शोधण्यासाठी नाहीच. पॅकेजचा भाव फुगवायला मात्र उपयोगी पडते. काही त्रास नसलेल्या तिशीतल्या बाईला सरसकट मॅमोग्राफीची गरज नसते. त्या वयात स्तन घट्ट असतात आणि फोटोत गाठ लपते. मॅमोग्राफीची गाडी येणार असेल तर एईआरबीच्या (एक्स-रे यंत्रांना परवाना देणारं केंद्राचं अणुऊर्जा नियामक मंडळ) परवान्याची प्रत घ्या. सोनोग्राफीचं मशीन नुसतं गाडीत टाकून समाजमंदिरात आणणं पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान बंदीच्या, कायद्यात बसत नाही. त्यात तुमचं मंडळही अडकेल.

सगळ्यात जास्त बिघडतं ते गाठ सापडल्यावर. हातात ‘पुढील तपासणी करावी’ अशी चिठ्ठी, तीही प्रायोजकाच्याच हॉस्पिटलची, आणि बाई घरी. पत्रात हे लिहून घ्या: संशयित बाईची मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफी आणि सुईची बायोप्सी (गाठीचा बारीक तुकडा काढून तपासणं) किती दिवसांत, कुठे आणि कोणाच्या खर्चाने होईल, जायला गाडी कोण देईल. बायोप्सीआधी गाठ कापून टाकू देऊ नका. ‘छोटंसं ऑपरेशन, संध्याकाळी घरी’ हे ऐकायला सोपं वाटतं, पण कॅन्सर निघाला तर पुढची शस्त्रक्रिया अवघड होते. ठिकाण निवडायचा हक्क बाईचा: चिपळूणजवळ डेरवणचं वालावलकर रुग्णालय, खारघरचं टाटाचंच ॲक्ट्रेक, परळचं टाटा, सावंतवाडी-दोडामार्गकडच्यांना गोव्याचं बांबोळीचं सरकारी रुग्णालय जवळ. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवायला सांगा, मोफत उपचारांच्या महात्मा फुले योजनेसाठी लागतात.

नावं-नंबरांचं रजिस्टर आशाताईंकडे आणि उपकेंद्रात राहील, कंपनीच्या टॅबमध्ये नाही. नाहीतर महिनाभरात वाडीतल्या प्रत्येकीला विमा आणि हेल्थ पॅकेजचे फोन येतात. फोटो फक्त भाषणाचे, रांगेचे नाहीत. सेल्फी पॉइंट हवाच असेल तर तपासणीच्या खोलीपासून लांब. गुलाबी फुग्यांच्या कमानीखालून गाठ दाखवायला जायला कोण धजेल?

‘आमची वस्तू घ्या, त्यातले पैसे कॅन्सरला जातात’ असा स्टॉल असेल तर चार गोष्टी विचारा: एका नगामागे किती रुपये, जास्तीत जास्त किती, कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या संस्थेच्या खात्यात. ‘नफ्यातला वाटा’ हे उत्तर धरू नका. २००२ मध्ये अमेरिकन एक्सप्रेसने अशीच मोहीम काढली होती. खरेदी कितीही मोठी असो, दान एका व्यवहारामागे एक सेंट. आणि हे सीएसआर (कंपन्यांनी कायद्याने करायचा सामाजिक खर्च) आहे असं सांगितलं, तर २०२१ चे नियम पुढे करा: वस्तूची जाहिरात व्हावी म्हणून दिलेलं प्रायोजकत्व सीएसआरमध्ये धरता येत नाही. मंडळ स्वतः वर्गणी काढणार असेल आणि नोंदणी नसेल, तर धर्मादाय कार्यालयाकडून सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ क ची परवानगी आधी घ्या.

शिबिरानंतर ‘लाभार्थी २००’ असा अहवाल स्वीकारू नका. किती तपासल्या, किती संशयित निघाल्या, किती बायोप्सीपर्यंत पोचल्या, किती जणींचे उपचार सुरू झाले, हे तीन महिन्यांनी लेखी मागा आणि पुढच्या ग्रामसभेत वाचून दाखवा.