क्रेडिट अलर्ट चालू आहे, तरीही नावावर भलतंच कर्ज? या चुका टाळा

गृहकर्जाचा अर्ज फेटाळला गेला, कारण विचारलं तर भलत्याच वित्तकंपनीचे थकलेले हप्ते निघाले. पुण्यात असं काही ऐकलं की आता कुणाला नवल वाटत नाही. वाईट याचं वाटतं की यातल्या अनेकांच्या फोनमध्ये वेळेवर आलेला मेसेज तसाच पडून असतो. बँकेने किंवा वित्तकंपनीने तुमचा क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे तुमच्या कर्जांची आणि हप्त्यांची नोंद, उघडला की ती नोंद ठेवणाऱ्या संस्थेने, म्हणजे ब्युरोने, तुम्हाला एसएमएस किंवा ईमेल करायचा, हा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. हाच क्रेडिट अलर्ट. त्यासाठी पैसे भरून कुठलीही सेवा घ्यावी लागत नाही. मेसेज येतो, पण माणसं त्याचं काही करत नाहीत.

चौकशीचा मेसेज जाहिरात समजून सोडून देणे

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. वाकडला भाड्याने राहणाऱ्या एका नोकरदाराचं प्रकरण घ्या. भाडेकरारासाठी आधार आणि पॅनच्या झेरॉक्स एजंटकडे दिलेल्या, त्यावर ना सही ना कारण. पुढे एका शनिवारी मेसेज आला की अमुक फायनान्स कंपनीने तुमचा रिपोर्ट मागवला आहे. ‘प्री-अप्रूव्ड लोन’चे मेसेज रोजच येतात, त्यातलाच एक समजून त्याने तो सोडून दिला. आठवड्याभरात आणखी दोन आले. पहिल्या दोन अर्जांवर कर्ज मिळालं नव्हतं, तिसरा मंजूर झाला. मोबाइलच्या दुकानातून हप्त्यांवर महागडा फोन उचलला गेला. कागद याचे, फोटो दुसऱ्याचा आणि ओटीपी गेला तिसऱ्याच नंबरवर. वसुलीवाल्यांचा फोन ऑफिसात आला तेव्हा हप्ते थकून काही महिने झाले होते.

पहिला मेसेज आला तेव्हा कर्ज अस्तित्वातच नव्हतं, हे इथे लक्षात घ्या. ‘रिपोर्ट मागवला’ हा अलर्ट अर्जाच्या वेळी येतो. ‘नवीन खातं उघडलं’ हे रिपोर्टमध्ये दिसतं ते कर्ज देणाऱ्याने माहिती पाठवल्यावर. जानेवारी २०२५ पासून ही माहिती पंधरवड्याने पाठवणं बंधनकारक झालं, आधी ती महिन्याने जायची. म्हणजे दुसरा अलर्ट येईपर्यंत पैसे गेलेले असतात. फसवणूक अडवण्यासाठी खरा उपयोगाचा आहे तो पहिलाच. काही ॲप मिनिटांत कर्ज देतात, तिथे तोही उशिराचा ठरू शकतो, तरी त्याच दिवशी केलेली तक्रार पुढे फार कामी येते.

अनोळखी मेसेज आला की माझी पद्धत ठरलेली आहे. मेसेजमधल्या लिंकला हात लावायचा नाही. ब्युरोची साइट स्वतः उघडून रिपोर्ट काढायचा आणि ‘एन्क्वायरी’चा भाग बघायचा. तिथे कंपनीचं नाव, तारीख, कर्जाचा प्रकार आणि रक्कम असते. नाव अनोळखी असलं म्हणून लगेच घाबरायचं नाही. ॲपचं नाव एक आणि त्यामागे पैसे देणारी कंपनी दुसरी, असं सर्रास असतं, तेव्हा आधी घरात विचारा की कुणी हप्त्यांवर काही घेतलं का. नसेल, तर कंपनीच्या स्वतःच्या साइटवरचा नंबर घेऊन फोन करा. लगेच तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा: ‘हा अर्ज मी केलेला नाही, तो थांबवा आणि लेखी कळवा.’ फोनवर कुणी काय आश्वासन दिलं त्याला पुढे किंमत नसते, ईमेलला असते. हे सगळं अर्ध्या तासाचं काम आहे. ‘सोमवारी बघू’ म्हणणाऱ्यांनी अलर्टचा आग्रह धरण्यात अर्थ नाही.

अलर्ट कुठल्या नंबरवर जातोय, हे न तपासणे

ब्युरो मेसेज पाठवतो तो त्याच्याकडे नोंदलेल्या नंबरवर. तुम्ही सिम बदललं आणि जुन्या क्रेडिट कार्डवर जुनाच नंबर राहिला, तर अलर्ट तिकडे जाऊ शकतो. त्याहून गंभीर म्हणजे भामट्याने अर्जात स्वतःचा नंबर दिला असेल, तर तोही तुमच्या रिपोर्टमध्ये येऊन बसतो. म्हणून रिपोर्ट हातात आला की स्कोअरच्या आधी पत्ते, फोन नंबर आणि ईमेलचा भाग वाचा. कधीही न राहिलेला पत्ता किंवा अनोळखी नंबर दिसला तर तिथेच थांबून तो कुणाकडून आला ते शोधा. स्कोअर ७८० आहे म्हणून खूश होऊन रिपोर्ट बंद करणाऱ्यांना हे कधीच दिसत नाही.

एकाच ॲपवर भिस्त

भारतात ब्युरो चार आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. कर्ज झालं की त्याची माहिती चारही ठिकाणी जायला हवी. चौकशी मात्र ज्या ब्युरोकडे केली, त्याच्याच रिपोर्टमध्ये दिसते. फुकट स्कोअर दाखवणारं ॲप एक-दोन ब्युरोंवर चालत असेल, तर उरलेल्या ठिकाणची चौकशी त्यात येणार नाही. प्रत्येक ब्युरोने वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो. चारही एकदम काढू नका. जानेवारीत एक, एप्रिलमध्ये दुसरा, जुलैत तिसरा, ऑक्टोबरमध्ये चौथा, असं केलं की वर्षभर नजर राहते. स्वतःचा रिपोर्ट बघितल्याने स्कोअर कमी होत नाही, ही भीती कृपा करून सोडा.

‘दोन-चार हजारांचंच आहे, भरून टाकू’

ही चूक ऐकली की तळपायाची आग मस्तकात जाते. वसुलीवाला दिवसातून दहा फोन करतो, शेजारीपाजारी विचारू लागतात, आणि माणूस वैतागून हप्ता भरतो. भरलात की कर्ज तुमचंच होतं, असा युक्तिवाद समोरच्याला आयता मिळतो. ‘सेटलमेंट’, म्हणजे थोडी रक्कम भरून प्रकरण मिटवणं, तर मुळीच नको. तो शेरा रिपोर्टवर राहतो आणि पुढच्या प्रत्येक बँकेला दिसतो.

भरण्याऐवजी दोन्हीकडे तक्रार करा. नुसती ब्युरोकडे केली तर भागत नाही, कारण कर्ज देणाऱ्याच्या होकाराशिवाय ब्युरो नोंद बदलत नाही. ब्युरोच्या साइटवर डिस्प्यूट, म्हणजे नोंदीवर हरकत, टाकताना रिपोर्टवरचा कंट्रोल नंबर लागतो, तो जपून ठेवा. कर्ज देणाऱ्याकडे लेखी मागा: अर्जाची प्रत, केवायसीचा फोटो, ओटीपी गेलेला नंबर, आणि पैसे ज्या खात्यात किंवा दुकानात गेले त्याचा तपशील. खोटा फोटो समोर आला की प्रकरण निम्मं सुटतं. तक्रारीचा निकाल ३० दिवसांत लागायला हवा. त्यातले २१ दिवस कर्ज देणाऱ्याचे. मुदत उलटली तर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. तीही दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, सप्टेंबर २०२२ पासून ब्युरोही त्याच्या कक्षेत आहेत.

थोडक्यात बाकीच्या

कोरी झेरॉक्स देऊ नका. आधारचे शेवटचे चारच आकडे दिसणारी ‘मास्क्ड’ प्रत चालत असेल तिथे तीच द्या, नाहीतर प्रतीवर आडवं लिहा: कुणासाठी, कशासाठी, तारीख.

आधारचं बायोमेट्रिक लॉक करून ठेवा. लागेल तेव्हा उघडता येतं.

‘आईबाबांनी जन्मात कर्ज घेतलं नाही, त्यांचा रिपोर्ट कशाला बघायचा?’ मुलं परदेशात आणि आईवडील सदाशिव पेठेत किंवा कोथरूडला, अशा घरांत तर तो हमखास बघावा.

तुमच्या नावावर कुणी घेतलेलं सिम, तुमच्या पॅनवर केलेली जीएसटी नोंदणी आणि खात्यातून गेलेले पैसे क्रेडिट अलर्टला दिसत नाहीत. आपल्या नावावर किती सिम आहेत ते संचार साथी पोर्टलवर कळतं, पॅनवर जीएसटी नोंदणी आहे का ते जीएसटी पोर्टलच्या पॅन शोधात दिसतं.

पोलीस तक्रार टाळू नका. १९३० या सायबर हेल्पलाइनवर किंवा राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर नोंद करून पावती क्रमांक घ्या, कर्ज देणाऱ्याला तो लागतोच. हिंजवडी, वाकड हा भाग पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात येतो, कोथरूड किंवा हडपसर पुणे शहरात. ‘ही आमची हद्द नाही’ म्हणून कुणी परत पाठवत असेल, तर झिरो एफआयआर मागा. गुन्हा हद्दीबाहेरचा असला तरी तो नोंदवता येतो. ओळख चोरण्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ क (इंग्रजीत 66C) लागतं, अर्जात त्याचा उल्लेख करा. सोबत न्या: रिपोर्टचं ते पान, अलर्टचा स्क्रीनशॉट, कंपनीला पाठवलेला ईमेल आणि तुमची खरी सही असलेली एखादी जुनी प्रत.