बालवाडीच्या वयासाठी सजगतेचे ॲप घडवताना

पुण्यात विमाननगरच्या सिम्बायोसिसमध्ये किंवा लोणी काळभोरच्या एमआयटीत डिझाइन शिकणारी मुले पदवी प्रकल्पाचा विषय शोधू लागली, की त्यांतली काही जण हमखास लहान मुलांसाठीच्या सजगतेच्या (माइंडफुलनेसच्या), म्हणजे श्वासाकडे आणि शरीराकडे शांतपणे लक्ष द्यायला शिकवणाऱ्या, ॲपपाशी येऊन थांबतात आणि सुरुवात कुठून करावी असे विचारतात. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी अशा ॲपवर काम केल्यानंतर माझे मत असे झाले आहे, की मूल ते जितक्या लवकर बाजूला ठेवील तितके ते ॲप चांगले. हे बोलायला सोपे असले तरी नोकरीत आपल्या अंगी मुरलेल्या सवयी याच्या नेमक्या उलट असतात. माणूस रोज परत यावा म्हणून तारे द्यायचे, बिल्ले द्यायचे, सलग दिवसांची साखळी तुटू द्यायची नाही, हे सारे येथे निरुपयोगी आहे. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२१ च्या सूचनांनुसार दोन ते पाच वर्षांच्या मुलांनी दिवसाला फार तर एक तास पडद्यासमोर असावे. त्या तासातला वाटा आपण मागतो आहोत, याचे भान सुटता कामा नये.

सर्वांत जास्त वेळ श्वासाच्या ॲनिमेशनला द्यावा. मोठ्यांच्या ॲपमध्ये एक वर्तुळ चार सेकंद फुगते, तेवढेच थांबते आणि सावकाश मिटते. त्याच वर्तुळावर ससा काढून ते मुलांपुढे ठेवण्याचा मोह नवख्याला होतोच. परंतु शांत बसलेला प्रौढ माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो, तर या वयाचे मूल २० ते २८ घेते. मोठ्यांची लय लादली की मूल श्वास कोंडते, खांदे कानांपर्यंत नेते आणि थोड्याच वेळात कंटाळते किंवा हसत सुटते. म्हणून श्वास रोखण्याची पायरी मुळातच नको. गरम दुधावर घालतो तशी फुंकर घाल, एवढे सांगितले तरी उच्छ्वास आपोआप लांबतो आणि लय मुलाच्या हाती राहते.

कोथरूडमधल्या एका बालवाडीत आम्ही पोट फुगवणारे अस्वल पडद्यावर दाखवत होतो. सतरंजीवर आडवी पडलेली एक मुलगी काही क्षण ते पाहत राहिली, मग तिने फोन उताणा आपल्या पोटावर ठेवला आणि तो वर-खाली होताना बघत “ताई, फोन झोका घेतोय” असे सांगू लागली. अस्वल आता तिला दिसतही नव्हते. त्यानंतर आम्ही तो पूर्ण व्यायाम बदलला: पहिल्या सूचनेनंतर पडदा काळा होतो, फक्त आवाज उरतो आणि मूल स्वतःचे एखादे खेळणे पोटावर ठेवते.

या वयात वाचता येत नसल्यामुळे आवाज हाच तुमचा इंटरफेस, म्हणजे मूल आणि ॲप यांच्यातला दुवा, आहे. मंद संगीतावरचा कुजबुजता ध्यानाचा सूर मुलांना परका वाटतो, काहींना चक्क भीती वाटते; बालवाडीच्या ताई रोज बोलतात तसा साधा आवाज पुरतो. वाक्ये आज्ञार्थी लिहावीत, कारण “बस”, “ऐक”, “पोट फुगव” मुलगा आणि मुलगी दोघांना चालते, मात्र “दमलास का” म्हटले की अर्धा वर्ग बाहेर पडतो.

स्पर्शाच्या बाबतीत थोडक्यात सांगायचे तर बटणे किमान दोन सेंटिमीटर लांबी-रुंदीची हवीत, आणि पडद्याच्या खालच्या कडेला काहीही ठेवू नये, कारण तेथे मुलाचा तळवा टेकलेला असतो. घरात हा फोन बहुधा आजीचा असतो आणि मधेच कोणाचा तरी कॉल येतोच, तेव्हा व्यायाम अर्धवट राहिला तरी ॲपने कुरकुर करू नये.

चाचणीसाठी जून टाळावा, कारण नव्याने आलेली मुले तेव्हा रडत असतात. गणपतीत सुट्ट्या असतात. दिवाळीनंतर ताईंची आणि मुलांची घडी बसलेली असते. “आवडलं का?” हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही, कारण ताईंकडे बघत सगळी मुले “हो” म्हणतात. त्याऐवजी पायांची बोटे पाहावीत. ती थांबली तर मूल ऐकते आहे. पालकांची लेखी परवानगी घ्यावीच, पण मुलाने “नको” म्हटले तर त्या परवानगीलाही किंमत उरत नाही.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे. त्याची माहिती हाताळण्यापूर्वी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते आणि त्याच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास किंवा त्याला लक्ष्य करून जाहिराती दाखवण्यास मनाई आहे. हे वकिलांचे काम समजून शेवटी ढकलू नये, कारण ॲप कोण कसे वापरते हे नोंदवणारे विश्लेषणाचे तयार साधन ॲपमध्ये घालायचे की नाही हे पहिल्याच आठवड्यात ठरते. अ‍ॅपल आपल्या ॲप स्टोअरच्या मुलांच्या विभागात बाहेरच्या दुव्यांपूर्वी फक्त मोठ्यांना ओलांडता येईल असा अडसर मागते. तेथे गुणाकार विचारण्याची पद्धत आहे; तिसरीतला दादा शेजारी बसला असेल तर तो अडसर किती टिकतो, हे एकदा स्वतः पाहावे.

ॲपच्या वर्णनात “चिंता कमी होते”, “एकाग्रता वाढते” असे काही लिहू नये. ब्रिटनमध्ये माध्यमिक शाळांतील ८,००० हून अधिक विद्यार्थ्यांवर झालेल्या ‘मिरियड’ चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले, आणि शाळेतील सजगतेचे वर्ग नेहमीच्या भावनिक शिक्षणाहून अधिक उपयोगी ठरले नाहीत. ती मुले मोठी होती आणि तेथे ॲप नव्हे तर शिक्षक होते, हे खरे. तरी आपल्या हाती याहून भक्कम पुरावा नसताना पालकांना औषधासारखे आश्वासन देणे मला गैर वाटते. “झोपण्यापूर्वी पाच मिनिटे मुलासोबत बसण्यासाठी” एवढे वर्णन पुरेसे आहे.

पोर्टफोलिओत हे काम मांडताना आकर्षक पडद्यांआधी चाचणीच्या नोंदी आणि तुम्ही काढून टाकलेल्या गोष्टी ठेवाव्यात. मी स्वतः उमेदवारांच्या मुलाखती घेतो तेव्हा पहिला प्रश्न हाच असतो, की मूल मधेच उठून गेले तेव्हा तुम्ही काय केले.