कारण-परिणाम नकाशात एकच संकल्पना दोनदा दिसते? 'ऱ्या' तपासा

मुलाखतींतल्या कारण-परिणामाच्या जोड्या गेफी या जाळे-नकाशा काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकल्या, तर 'कर्मचाऱ्यांची नाराजी' दोनदा. निम्मे बाण इकडे, निम्मे तिकडे. एक्सेलचे ट्रिम फंक्शन फक्त मोकळ्या जागा काढते, क्लीन 0 ते 31 क्रमांकांची चिन्हे, दोन्हींचा उपयोग नाही. डोळ्यांना फरक दिसतच नाही, याचाच वैताग.

एक्सेलमध्ये अक्षरचिन्हे मोजणारे लेन फंक्शन लावल्यावर दोहोंपैकी एकाची लांबी 1 ने जास्त निघाली. काही कीबोर्ड 'ऱ' आणि हलन्त देतात, काही 'र', हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह, युनिकोड क्रमांक 8205.

कारण आणि परिणाम, दोन्ही स्तंभांवर मजकूर बदलणारे सब्स्टिट्यूट फंक्शन लावा: शोधायचे 'र्' आणि लगेच युनिकॅर 8205 (क्रमांकावरून चिन्ह देणारे फंक्शन), त्याजागी 'ऱ्'. उत्तरे पेस्ट स्पेशलने फक्त व्हॅल्यू म्हणून चिकटवा. यूटीएफ-8 सीएसव्ही करून गेफीच्या नव्या वर्कस्पेसमध्येच आयात करा; जुन्यात जुळे नोड (नकाशातले बिंदू) तसेच राहतात.